कामावरून कमी केल्यानंतर



कारखान्यातून माणसे कमी करायची ठरली, की कामगाराच्या हातात पुष्कळदा पहिला कागद पडतो तो राजीनाम्याचा. टाईप करून तयार ठेवलेला. 'सही करा, हिशोब लगेच मिळेल, दाखलाही चांगला देऊ,' असे सांगितले जाते. घरभाडे, मुलांची फी डोळ्यांसमोर असते. माणूस सही करतो. मला आज मुख्यतः या एका सहीबद्दल बोलायचे आहे.

एक वर्ष सलग नोकरी झालेल्या कामगाराला मालकाने कमी केले, तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि नोकरीच्या दर पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागते. ही तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती. त्याच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. बारा वर्षे नोकरी झाली असेल तर १८० दिवसांचे, म्हणजे सहा महिन्यांचे वेतन झाले. राजीनामा दिला की कामगार आपण होऊन गेला असे धरले जाते आणि ही रक्कम बुडते. जबरदस्ती झाली हे मागाहून सिद्ध करणे फार कठीण. प्रॉव्हिडंट फंड मात्र राजीनाम्यानंतरही मिळतोच. तेव्हा 'लगेच हिशोब' म्हणून जे पुढे केले जाते, ते बहुधा आपलेच पैसे असतात! म्हणून सही न करता कागद घरी आणावा, युनियनला किंवा कामगार आयुक्तांच्या कार्यालयात दाखवावा.

बेकारभत्ता आपल्याकडे सरसकट नाही. ईएसआयमधील कामगारांसाठी २०१८ साली अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना निघाली. तिच्यात २०२० पासून सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मी रक्कम, जास्तीत जास्त ९० दिवस, तीही आयुष्यात एकदाच. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली गेली आहे, त्यामुळे चालू मुदतीची चौकशी ईएसआयच्या शाखेत आधी करावी. स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यास हा लाभ नाही. येथेही प्रश्न पुन्हा कागदावर काय लिहिले आहे याचाच.

आम्ही बँकेत काउंटरवर बसणारी माणसे आणखी एक गोष्ट पाहतो. फंडाबरोबर पेन्शनचे पैसेही काढून घेतले जातात. दहा वर्षे भरली नसतील तर स्कीम सर्टिफिकेट घेता येते. पुढच्या नोकरीची वर्षे त्यात मिळून दहा झाली, की ५८ व्या वर्षी पेन्शनचा हक्क येतो. सात-आठ वर्षांची नोकरी चार महिन्यांच्या किराणात घालवू नये.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हॉईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते, आणि रोजगार विनिमय केंद्रांची देशव्यापी व्यवस्था १९४५ साली त्याच खात्याने उभी केली. आजच्या सेवायोजन कार्यालयांचे मूळ तेथे आहे. नाव जरूर नोंदवा, पण तेवढ्यावर थांबू नका. आपल्या वस्तीत नोकरी गेल्याचे महिनोन्‌महिने लपवतात. सकाळी डबा घेऊन निघायचे आणि संध्याकाळी परतायचे. मग शेजारच्या कारखान्यात जागा असली तरी कळवणार कोण, आणि कोणाला? पहिल्याच आठवड्यात घरी सांगा, जुन्या सोबत्यांना सांगा. नवे काम कंत्राटी मिळाले तरी फंड आणि ईएसआय कापले जाते का, हे विचारून घ्या. आणि नोकरीसाठी आगाऊ पैसे मागणाऱ्याच्या दारातून तसेच परत फिरा.