गळाच्या काठीचा बाक

मासेमारीचा रॉड स्वतःच्या हाताने किंवा एखाद्या कारागिराकडून मापाबरहुकूम बांधून घेण्याचा छंद अमेरिका, ब्रिटन, जपान आणि ऑस्ट्रेलिया या देशांत चांगला रुजलेला असून, त्या छंदात ‘ब्लँक’ हा शब्द पायाभूत मानला जातो. रॉडवरच्या दोरा ओवण्याच्या कड्या, शेंड्याची कडी, रीळ अडकवण्याची बैठक आणि बुचाची मूठ हे सारे उतरवून ठेवले, तर बुडाकडून शेंड्याकडे निमुळती होत गेलेली जी नुसती पोकळ नळी उरते, तिला ब्लँक म्हणतात. मूठ पसंत पडली नाही तर ती काढून दुसरी बसवता येते, कड्यांचे दोरे उसवून त्या मागेपुढे सरकवता येतात. ब्लँकचा स्वभाव मात्र तो भट्टीतून बाहेर पडतो तेव्हाच ठरून गेलेला असतो आणि पुढे त्यात फारसा फेरफार करता येत नाही. असे असूनही ही निवड पुष्कळदा नळीवर छापलेले आकडे आणि कार्बनच्या प्रतीचे नाव एवढ्यावरच उरकली जाते. वस्तुतः ब्लँकची परीक्षा त्याच्या नावात नसून त्याच्या बाकात, म्हणजे भार पडल्यावर तो किती, कुठे आणि कसा वाकतो यात आहे.

ब्लँकच्या बुडाशी सहसा त्याची लांबी, किती ताकदीचा दोरा चालवावा याची पौंडांतील मर्यादा आणि किती वजनाचे आमिष फेकावे याची औंस किंवा ग्रॅममधील मर्यादा लिहिलेली असते. त्यांच्या जोडीला ‘पॉवर’ आणि ‘ॲक्शन’ हे दोन शब्द येतात, आणि घोटाळा इथूनच सुरू होतो, कारण नवशिके या दोहोंना एकच समजतात. पॉवर म्हणजे ब्लँक ठरावीक अंतर वाकवण्यासाठी किती भार लागतो ते. ॲक्शन म्हणजे त्या भाराखाली ब्लँक मुख्यतः कोणत्या भागात वाकतो ते. शेंड्याकडचा सुमारे तिसरा हिस्साच वाकून बाकीची काठी ताठ राहत असेल तर ॲक्शन ‘फास्ट’, वरचा निम्मा भाग वाकत असेल तर ‘मॉडरेट’ आणि बाक थेट मुठीपर्यंत उतरत असेल तर ‘स्लो’ म्हटली जाते. वेताची छडी आणि आसूड यांची आठवण केली तरी फरक ध्यानात येईल: छडी सबंध वाकते, तर आसुडाची बुडाला जाड आणि टोकाला एकदम बारीक झालेली काठी वाकते ती टोकालाच. हलक्या पॉवरचा ब्लँक फास्ट असू शकतो आणि समुद्रातल्या अवजड माशासाठी केलेला दांडगा ब्लँक स्लो असू शकतो. अडचण अशी की या शब्दांमागे सर्व कारखान्यांनी मान्य केलेले कोणतेही एकक नाही, आणि त्यामुळे एकाचा ‘मीडियम’ दुसऱ्याच्या ‘मीडियम-हेवी’इतका ताठ निघाला, तर त्यात कोणी कोणाला फसवले असे म्हणता येत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी डॉ. विल्यम हॅनेमन यांनी अमेरिकेत जी मापनपद्धती मांडली, ती तिच्या साधेपणामुळे मुद्दाम सांगण्याजोगी आहे. अमेरिकेचे १९८२ नंतरचे एक सेंटचे नाणे बरोबर अडीच ग्रॅम वजनाचे असते, ही गोष्ट त्यांनी उपयोगात आणली आणि पद्धतीचे नावही ‘कॉमन सेंट्स’ असे, शहाणपण आणि सेंट या दोन अर्थांवर कोटी करणारे ठेवले. ब्लँक बुडाशी घट्ट आवळून आडवा धरायचा, शेंड्याला एक हलकी पिशवी अडकवायची आणि शेंडा ब्लँकच्या लांबीच्या एक-तृतीयांश इतका खाली येईपर्यंत तीत एकेक नाणे टाकत राहायचे. जितकी नाणी लागली तितकी त्या ब्लँकची खरी पॉवर, आणि त्या स्थितीत शेंड्याचे टोक आडव्या रेषेशी जितक्या अंशांचा कोन करील तितकी त्याची ॲक्शन; हा कोन सुमारे ६६ अंशांच्या पुढे गेला तर ब्लँक फास्ट समजतात आणि ५९ च्या आत राहिला तर स्लो. भारतात हा प्रयोग करणाऱ्याने रुपयाच्या नाण्यांच्या भरीस पडू नये, कारण वेगवेगळ्या काळात पाडलेल्या रुपयांची वजने सारखी नाहीत. सोनाराच्या काट्यावर तोललेली वाळू किंवा एका मापाचे वॉशर अधिक भरवशाचे. दोन निरनिराळ्या कारखान्यांचे ब्लँक एकाच पिशवीखाली वाकवून पाहिले की छापील शब्दांचा घोळ आपोआप सुटतो.

आता प्रश्न उरतो तो पदार्थाचा. एकोणिसाव्या शतकात उत्तम रॉड हे बांबूच्या लांब फाकी काढून, त्या त्रिकोणी तासून आणि सहा-सहा एकत्र चिकटवून केलेले षट्कोनी दांडे असत. त्यासाठी आधी जो बांबू वापरात होता, तो कलकत्त्याच्या बंदरातून परदेशी जाई आणि म्हणून ‘कलकत्ता केन’ या नावाने ओळखला जाई. हा बांबू म्हणजे महाराष्ट्रात ज्याला मानवेल म्हणतात ती जवळजवळ भरीव जात. पुढे दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील टोंकिन बांबूने त्याला मागे सारले, कारण त्याच्या सालीलगतचे तंतू अधिक दाट आणि पेरे अधिक सरळ होते. १९५० मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला तेव्हा टोंकिनची आवकही थांबली. परंतु तोवर फायबरग्लास, म्हणजे राळेत बसवलेले काचेचे तंतू, बाजारात येऊन ठेपले होते. कार्बन फायबरचा विकास १९६० च्या दशकात इंग्लंडमधील फार्नबरो येथील विमानसंशोधन संस्थेत झाला आणि १९७० च्या दशकात अमेरिकेतील फेनविक कंपनीने त्या फायबरचे रॉड विक्रीस आणले.

कार्बनच्या प्रती ज्या आकड्याने ओळखल्या जातात, तो स्थितिस्थापकत्वाचा गुणांक होय. एखादा पदार्थ ताणला असता तो किती विरोध करतो याचे हे माप असून, अमेरिकी कारखाने ते ‘३३ मिलियन’ अशा पौंडांच्या भाषेत, तर जपानी कारखाने ‘२४ टन’ अशा, दर चौरस मिलिमीटरमागील टनांच्या भाषेत सांगतात. दोहोंचा अर्थ जवळजवळ एकच, सुमारे २३० गिगापास्कल. काचेच्या साध्या तंतूचा हाच गुणांक ७० च्या आसपास असतो आणि काच कार्बनपेक्षा जडही असते, म्हणून कार्बनचा ब्लँक तितक्याच ताठपणाला पुष्कळ हलका भरतो. इथपर्यंत जाहिरात आणि विज्ञान हातात हात घालून चालतात. पुढे मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. जपानच्या तोरे कंपनीचा टी-३०० हा प्रमाणभूत तंतू सुमारे दीड टक्का ताणला की तुटतो, तर तिचाच एम-४०-जे हा ३७७ गिगापास्कल गुणांकाचा तंतू सुमारे १.२ टक्क्यालाच तुटतो. साधी काच मात्र चार टक्क्यांच्याही पुढे ताण सोसते. म्हणजे गुणांक वाढला की काठी हलकी होते, परंतु चुका पोटात घालण्याची तिची ताकद कमी होते. मासा होडीच्या कडेशी आणल्यावर रॉड उभा, जवळजवळ डोक्यामागे खेचण्याची सवय पुष्कळांना असते, आणि त्या क्षणी सारा भार शेंड्याच्या वीतभर भागावर एकवटतो. काचेचा रॉड हे निमूटपणे सोसतो. उंची कार्बनचा रॉड फटाक्यासारखा फुटतो, आणि दोष बिचाऱ्या ब्लँकच्या पदरी पडतो.

याहून महत्त्वाची आणि जाहिरातीत सहसा न येणारी गोष्ट म्हणजे नळीची भूमिती. पातळ भिंतीच्या नळीचा ताठपणा तिच्या व्यासाच्या घनाच्या आणि भिंतीच्या जाडीच्या प्रमाणात बदलतो. तितकाच माल वापरून व्यास दुप्पट आणि जाडी निम्मी केली, तर वजन तेवढेच राहून ताठपणा चौपट होतो. कारखानदाराला पदार्थ न बदलता केवळ मँड्रेल, म्हणजे ज्याभोवती कापड गुंडाळतात तो निमुळता पोलादी गज, बदलून ब्लँकचा सारा स्वभाव पालटता येतो. राळ लावलेले तंतूंचे कापड पताकेच्या आकारात कापून त्या गजावर गुंडाळतात, वरून अरुंद पट्टी ताणून आवळतात, भट्टीत भाजतात आणि मग गज ओढून काढतात. घासून गुळगुळीत न केलेल्या ब्लँकवर दिसणारे नागमोडी वळ हे याच पट्टीचे. व्यास फुगवत नेला की भिंत इतकी पातळ होते की वाकताना नळी चपटी होऊन चिरडू लागते, आणि ते टाळण्यासाठी आतून आडव्या तंतूंचा एक बारीक थर घालावा लागतो. तेव्हा ‘४० टन’ या अक्षरांवरून बाकाचा अंदाज करणे म्हणजे नुसत्या सिमेंटच्या गोणीवरून इमारतीचा नकाशा ओळखण्यासारखे आहे.

कापड गुंडाळताना त्याची कड कुठेतरी दुसऱ्या थरावर चढतेच, त्यामुळे ब्लँकच्या एका बाजूला ताठपणा किंचित अधिक असतो. या बाजूला ‘स्पाइन’ म्हणतात. ब्लँकचे बूड गुळगुळीत फरशीवर टेकवून, मधोमध तळहाताचा आधार देऊन आणि शेंडा दाबून तो बोटांनी फिरवला, तर एका जागी तो आपसूक उडी घेऊन स्थिर होतो, ती हीच जागा. कड्या नेमक्या स्पाइनच्या रेषेतच बसवाव्यात, नाहीतर रॉड हातात पिळवटतो, असा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. परंतु रॉड पिळवटतो तो प्रामुख्याने कड्या वरच्या अंगाला असल्या आणि दोरा बाकाच्या वर राहिला म्हणून, आणि स्पाइन कुठेही फिरवली तरी ते टळत नाही. आज अनेक अनुभवी बांधणीकार स्पाइनपेक्षा ब्लँकच्या सरळपणाकडे अधिक पाहतात, कारण पूर्ण सरळ ब्लँक क्वचितच मिळतो. टेबलावर तो लाटण्यासारखा फिरवून बाक हेरतात आणि शेंडा किंचित वर उचललेला राहील अशी कड्यांची बाजू ठरवतात, म्हणजे कड्यांच्या वजनाने तो पुढे सरळ दिसतो.

या साऱ्याचा उपयोग प्रत्यक्षात कसा होतो, यासाठी कोकणच्या खाडीतला जिताडा घेता येईल. कोकणात गळाने मासे धरण्याला गरवणे म्हणतात आणि गरवणाऱ्याच्या हातात पुष्कळदा काठीही नसते, नुसता दोर असतो. परंतु रायगडच्या जेवणात मानाने वाढला जाणारा हा जिताडा उत्तर ऑस्ट्रेलियात बारामुंडी या नावाने ओळखला जातो आणि तिथे त्याच्यासाठी खास रॉड बांधले जातात. हा मासा कांदळवनाच्या मुळांआड दबा धरून बसतो, आमिष घेतले की पुन्हा मुळांत शिरू पाहतो आणि पाण्याबाहेर उसळून डोके झटकत गळ फेकून देतो. मुळांत शिरण्याच्या सवयीसाठी बुडाशी दांडगी ताकद लागते, उसळण्याच्या सवयीसाठी शेंडा असा हवा की दोरा क्षणभरही सैल पडू नये. अतिशय फास्ट, काटकुळ्या उंची कार्बनच्या ब्लँकचा शेंडा उसळीच्या वेळी लवकर सरळ होतो आणि गळ निसटतो. सबंध वाकणारा काचेचा ब्लँक दोरा ताणलेला ठेवतो, पण मासा मुळांत जाण्याआधी त्याला वळवू शकत नाही. म्हणून बुडाला मध्यम प्रतीचा कार्बन आणि शेंड्याकडे थोडी काच मिसळलेला, मॉडरेट-फास्ट जातीचा, साडेसहा फुटांच्या आसपासचा ब्लँक इथे शहाणपणाचा ठरतो. लांबी याहून वाढवली तर फांद्यांखालून फेकताना ती आड येते. खाडीच्या काठावरून विजेच्या तारा जात असतील, तर कार्बनमधून वीज वाहते हेही विसरता कामा नये.

एकसंध ब्लँक घ्यावा की जोडाचा, हा प्रश्न बाकाइतकाच प्रवासाचा आहे, कारण सात फुटांची अखंड काठी घेऊन एसटीत चढणाऱ्याला कंडक्टर काय म्हणेल हे सांगायला नको. पूर्वी धातूचा जोड असे आणि त्या जागी बाक मोडल्यासारखा वाटे. हल्लीच्या जोडात शेंड्याचा तुकडा बुडाच्या तुकड्यावर चढतो किंवा आतून बसवलेली कांडी दोघांना सांधते, आणि बाक जवळजवळ अखंड राहतो.

ब्लँक मनासारखा लांब मिळाला नाही तर कापून घ्यावा, हा विचार मोहाचा असला तरी कोणत्या टोकाने कापायचे यावर सारे अवलंबून असते. बुडाचे दोन-चार इंच गेले तर ते मुठीच्या आतलेच असल्याने फारसे बिघडत नाही. शेंड्याचे तितकेच इंच कापले, तर ब्लँकचा सर्वांत लवचिक भाग जातो, पॉवर वाढते, ॲक्शन मंदावते आणि शेंड्याची कडीही मोठी घ्यावी लागते. या कड्यांचे माप इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मोजतात, म्हणजे सहा नंबरची कडी सुमारे २.४ मिलिमीटर जाडीच्या टोकावर बसते. दुकानात नुसता ब्लँक हातात घेऊन हलवून पाहण्याची जी पद्धत आहे, तीही अशीच दिशाभूल करते, कारण कड्या, दोरा आणि त्यावरचे इपॉक्सी यांचे वजन शेंड्यावर चढले की तोच ब्लँक मंद होतो, आणि शेंड्याजवळच्या एका ग्रॅमचा परिणाम बुडाजवळच्या कित्येक ग्रॅमहून अधिक असतो. म्हणून विचारी बांधणीकार कड्या आधी कागदी चिकटपट्टीने नुसत्या टिकवतो, दोरा ओवून त्याच्या टोकाला वजन बांधतो आणि बाक पाहत कड्यांची अंतरे बदलत राहतो. दोरा कुठेही ब्लँकला घासेनासा झाला की चिकटपट्ट्या एकेक करून निघतात आणि त्यांच्या जागी नायलॉनचा दोरा गुंडाळला जातो.