राउटरच्या पोटातला लिनक्स

घरात इंटरनेट आलं की एका कोपऱ्यात राउटर येतो. त्याचा दिवा लुकलुकतोय ना, एवढंच आपण पाहतो. पण हा डबा म्हणजे छोटा संगणकच. त्यात प्रोसेसर असतो, मेमरी असते आणि पुष्कळदा लिनक्स ही कार्यप्रणालीही असते. घरातली सगळी देवाणघेवाण याच दारातून होते.

ही प्रणाली आपल्याला बदलता येते, ती एका परवान्यामुळे. लिंकसिस कंपनीचा 'डब्ल्यूआरटी ५४ जी' हा राउटर २००२च्या अखेरीस बाजारात आला. त्यात लिनक्स आहे, हे २००३ मध्ये जाणकारांनी ओळखलं. लिनक्सचा जीपीएल परवाना सांगतो : वापरा, बदला, विका, पण ज्याला द्याल त्याला सोर्स कोडही, म्हणजे प्रोग्रामची मूळ संहिताही, मिळाली पाहिजे. तशी मागणी झाली आणि त्याच वर्षी कंपनीनं ती खुली केली. त्या पायावर २००४ मध्ये 'ओपनडब्ल्यूआरटी' हा प्रकल्प उभा राहिला. आज तो अनेक कंपन्यांच्या शेकडो राउटरांवर चालतो.

माझ्याकडे एक जुना राउटर आहे. यंत्र धडधाकट, पण त्याच्या कंपनीनं सुधारणा देणं थांबवलेलं. सुरक्षेत नवं भगदाड सापडलं तर बुजवणार कोण? म्हणून त्याच्यासाठी ओपनडब्ल्यूआरटी मी घरीच तयार करतो.

राउटरचा प्रोसेसर आपल्या संगणकाहून वेगळ्या जातीचा असतो. म्हणून त्याला समजेल असा प्रोग्राम घडवणारा 'क्रॉस कंपायलर' आधी तयार होतो. मग येतो कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा. खरी कसरत इथे. माझ्या राउटरची साठवण अवघी ८ एमबी, म्हणजे एमपीथ्रीची दोन गाणी मावतील एवढी. आणि कर्नलच्या यादीत पर्याय हजारो! साउंड कार्ड, कॅमेरा, प्रिंटर यांचं इथे काय काम? ते वगळायचे. वायरलेस चिपचा ड्रायव्हर आणि फायरवॉल ठेवायची. शेवटी सगळं दाबून बसवलेली एकच फाइल हाती येते. तिला म्हणतात इमेज. पहिल्या खेपेला संगणक तासन्‌तास राबतो.

ही इमेज चढवताना वीज गेली, किंवा भलत्याच मॉडेलची इमेज चढली, तर राउटर मुका होऊ शकतो. पुष्कळ मॉडेलांत बूटलोडरच्या मदतीनं, नेटवर्कच्या वायरीतून, मूळ इमेज परत चढवता येते. आपल्या मॉडेलला ती सोय आहे का, हे आधी पाहावं आणि मगच हात घालावा.

यालाही मर्यादा आहेत. ४ एमबी साठवण आणि ३२ एमबी रॅमच्या राउटरांना ओपनडब्ल्यूआरटीनंही २०२२ नंतर निरोप दिला. नवा कर्नल तिथे मावेना. पण यंत्र खरोखर थकणं वेगळं आणि चालतं यंत्र केवळ सुधारणेअभावी भंगारात जाणं वेगळं.

प्रत्येकानं कर्नल घडवावा, असं मी म्हणत नाही. प्रकल्पाच्या तयार इमेजही मोफत मिळतात. मात्र पुढचा राउटर घेताना किंमत आणि वेग यांबरोबर आणखी दोन प्रश्न विचारा : याला सुधारणा किती वर्षं मिळतील? आणि त्या थांबल्यावर यात दुसरी प्रणाली घालता येईल का? दुकानदाराला उत्तर देता आलं नाही, तर मॉडेलचा क्रमांक टिपून घ्या आणि ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत पाहूनच पैसे मोजा.