गोळी आणि सावज

आज ज्याला नाशिक जिल्हा म्हणतात त्यांतील मालेगांव, बागलाण हा उत्तरेकडील मुलूख १८६९ पर्यंत खानदेशांत मोडत असे. त्या जुन्या खानदेशांत हिंस्र पशूंचा उपद्रव किती होता याची एक नोंद गॅझेटिअरांत आहे. १८२२ सालच्या मे, जून व जुलै या तीनच महिन्यांत त्यांनीं ५०० माणसें आणि २०,००० गुरें मारलीं. लढाया व लुटालूट यांनीं गांवें ओस पडलीं होतीं, शेतांवर रान माजलें होतें, आणि त्या रानांत वाघाचें राज्य होतें.

१८२५ मध्यें जेम्स औट्रम हा तरुण अधिकारी भिल्लांची पलटण उभारण्यासाठीं तेथें आला. भिल्लांचा विश्वास त्यानें पुष्कळ अंशीं शिकारीच्या रानांतच मिळविला. पुढील दहा वर्षांत त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं मारलेल्या जनावरांची यादी त्याच्या चरित्रांत दिलेली आहे. तींत वाघ २३५ आहेत. अस्वलें व बिबटे निराळे. परंतु त्याच यादींत आणखी एक आंकडा आहे, आणि शिकारकथांच्या वाचकांचें लक्ष त्याकडे सहसा जात नाहीं. नुसते जखमी झालेले वाघ, २२.

हे बावीस वाघ कोठें गेले? कांहीं झाडींत मेले असतील, कांहीं बरे झाले असतील. पण ज्याचा खांदा किंवा जबडा निकामी झाला अशा वाघाला सांबरामागें धांवतां येत नाहीं. मग त्याला बैल सांपडतो, आणि बैलामागें बैलाचा राखणदार. म्हणून गोळी जनावराच्या अंगांत शिरून नेमकें काय करते, हा प्रश्न केवळ बंदूकवाल्यांच्या कौतुकाचा नाहीं.

सामान्य समजूत अशी कीं, गोळीच्या जोरानें जनावर कोसळतें. ती खरी नाहीं. न्यूटनच्या नियमाप्रमाणें गोळीला जेवढा रेटा पुढें, तेवढाच बंदुकीला मागें. गोळीच्या धडकेनें वाघ उलथून पडणार असेल तर बंदूक झाडणाराही त्याच क्षणीं उताणा पडावयास हवा. जनावर मरतें तें दोन कारणांनीं. मेंदूला किंवा पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूला इजा झाली तर तें जागींच पडतें. नाहीं तर हृदय, फुप्फुस किंवा मोठ्या रक्तवाहिन्या फुटून रक्तस्रावानें मरतें. दुसऱ्या प्रकारांत वेळ लागतो. हृदयाच्या ठिकऱ्या झाल्या तरी मेंदूंत उरलेल्या प्राणवायूवर जनावर दहा-पंधरा सेकंद चालूं शकतें. तेवढ्या अवधींत वाघ शंभर यार्ड सहज तोडतो; आणि वास्तविक मेलेल्याच वाघानें मारलेल्या शिकाऱ्यांची उदाहरणें थोडीं नाहींत.

तेव्हां गोळीचीं कामें दोन. मर्मस्थानापर्यंत खोल जाणें हें एक, आणि वाटेंत रुंद जखम करणें हें दुसरें. अडचण अशी कीं, हीं दोन्ही कामें एकमेकांच्या आड येतात. मऊ गोळी आंत शिरतांच चपटी होते, पसरते व रुंद भोंक पाडते. पण पसरली कीं तिला अडथळाही अधिक होतो आणि ती लवकर थांबते. कठीण गोळी खोल जाते, पण सुईसारखें भोंक पाडून आरपार निघून जाते. गेल्या दोनशें वर्षांचा शिकारी गोळीचा इतिहास म्हणजे या दोन गुणांमधील घासाघीस आहे.

औट्रमच्या काळीं बंदुका ठासणीच्या होत्या. नळींत दारू ओतावयाची, तीवर शिशाची गोल गोळी गजानें ठासावयाची आणि मग बार काढावयाचा. ‘बारा बोअरची बंदूक’ हा शब्द आज सर्वांच्या तोंडीं आहे. त्याचा उगम या गोल गोळीतच आहे. एक रत्तल शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतील एक जींत बरोबर बसते ती नळी बारा बोअरची. अर्थात् आंकडा जितका लहान तितकी नळी मोठी. आठ बोअरची गोळी भरते दोन औंस! अशा गोळीचा वेग बेताचा. बारा बोअरची गोळी सुमारें ५८३ ग्रेन वजनाची. ती दर सेकंदास बाराशें फुटांच्या आसपास सुटे, आणि गोल आकारामुळें शंभर यार्डांपर्यंत तिचा बराचसा वेग हवेंतच खर्चीं पडे. जवळून ती भयंकर. लांबून, किंवा हाडावर तिरपी लागली तर, तिचा भरंवसा नसे.

पुढें नळीच्या आंत मळसूत्री खांचा आल्या, गोळी लांबट झाली, ती स्वतःभोंवतीं फिरत सरळ जाऊं लागली, आणि वेग वाढला. वेग वाढवावयाचा म्हणून गोळी हलकी केली, आणि ती चटकन् पसरावी म्हणून तिच्या टोंकांत पोकळी ठेविली. या ‘एक्स्प्रेस’ गोळ्या. हरणावर त्या अप्रतिम ठरल्या. वाघाच्या खांद्याच्या हाडावर मात्र त्यांचा बाहेरच्या स्नायूंतच चुरा होऊं लागला. जखम दिसावयास मोठी, पण उथळ. सर सॅम्युएल बेकर यानें १८९० मध्यें प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत या पोकळ गोळ्यांवर सडकून टीका केली आहे. त्याचें म्हणणें, वाघासाठीं शुद्ध शिशाची भरीव गोळी वापरावी. ती फुटत नाहीं. पावसाळ्यांत उकिरड्यावर उगवणाऱ्या कुत्र्याच्या छत्रीसारखें तिचें टोंक पसरतें, आणि ती पलीकडील कातड्याखालीं जाऊन थांबते. तिचा सगळा जोर जनावराच्या अंगांतच खर्च होतो. आजचे जाणकारही, धातु बदलले तरी, छत्रीचाच आकार शोधतात. यावरून बेकरची नजर ध्यानीं येते.

१८८९ च्या सुमारास कॉर्डाइट ही बिनधुराची दारू आली आणि सगळा हिशेबच पालटला. ०.३०३ इंच व्यासाची, २१५ ग्रेन वजनाची गोळी दर सेकंदास दोन हजार फुटांवर वेगानें जाऊं लागली. गतीची शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. म्हणून ही चिमुकली गोळी अडीचपटींहून जड अशा बारा बोअरच्या गोळीइतकी शक्ति बाळगूं लागली. परंतु एवढ्या वेगांत उघडें शिसें नळीच्या खांचांना चिकटूं लागलें, तेव्हां त्यावर तांबें-निकलचें कवच चढवावें लागलें. कवच आल्यावर गोळी पसरेना. १८९५ च्या चित्रळच्या मोहिमेंत, गोळी लागूनही माणूस चाल करून येतो, अशी सैन्याची तक्रार झाली. मग कलकत्त्याजवळील डमडमच्या कारखान्यांत कॅप्टन बर्टी-क्ले यानें गोळीच्या टोंकावरील कवच उघडें ठेविलें. त्या गांवाचें नांव त्या गोळीला जगभर चिकटलें.

१८९९ च्या हेगच्या परिषदेनें माणसाच्या अंगांत पसरणाऱ्या गोळ्या युद्धांत निषिद्ध ठरविल्या. शिकारींत मात्र न्याय नेमका उलट आहे. इंग्लंडच्या १९९१ च्या हरिणविषयक कायद्याप्रमाणें रायफलीनें हरिण मारावयाचें तर गोळी मऊ किंवा पोकळ टोंकाचीच हवी. शत्रु जखमी होऊन वांचावा अशी युद्धांत दया. जनावर जखमी होऊन जाऊं नये अशी रानांत दया.

त्याच काळांत हिंदुस्थानांत एक निराळीच गंमत झाली. १९०७ मध्यें सरकारनें ०.४५० इंची रायफलींना येथें मज्जाव केला; कारण त्यांच्या गोळ्या चोरीच्या मार्टिनी-हेन्री बंदुकांना उपयोगीं पडतील अशी धास्ती होती. विलायती बंदूकवाल्यांनीं मग ०.४६५, ०.४७०, ०.४७५ अशा नव्या मापांच्या रायफली काढल्या. वाघाला या फरकाचें सोयरसुतक असण्याचें कारण नव्हतें.

मोठी नळी म्हणजे खात्रीची शिकार हाही एक भ्रमच. डब्ल्यू. डी. एम. बेल यानें आफ्रिकेंत हजारावर हत्ती मारले, ते बहुतेक लहान व्यासाच्या रायफलींनीं. त्याची गोळी पूर्ण कवचाची, न पसरणारी असे. हत्तीचा मेंदू कवटींत कोठें असतो हें त्यानें कवट्या चिरून पाहिलें होतें. पण ही न पसरणारी गोळी बिबट्यावर झाडली तर? पन्नास-साठ किलो वजनाच्या त्या चपळ देहांतून ती आरपार जाईल आणि तो निसटून जाईल. याच्या उलट, बिबट्याला जागीं बसविणारी मऊ गोळी राधानगरीच्या रानांतील टनाच्या आसपास भरणाऱ्या गव्याच्या खांद्यावरच फुटून राहील. गोळी चांगली कीं वाईट हें जनावर सांगितल्याखेरीज सांगतां येत नाहीं.

चुकलेल्या गोळीचें मोल काय, याचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा जिम कॉर्बेटच्या पुस्तकांत आहे. हें पुस्तक १९४४ मध्यें प्रथम मुंबईसच छापून प्रसिद्ध झालें. चंपावतच्या वाघिणीनें ४३६ माणसें मारल्याची गणना आहे. १९०७ मध्यें ती मारल्यावर कॉर्बेटनें तिचें तोंड तपासलें. उजव्या बाजूचे वरचा व खालचा असे दोन्ही सुळे मोडलेले होते. एक अर्धा, दुसरा मुळापर्यंत. ही जुन्या गोळीची करणी. ती झाडणाराला, आपण चारशेंहून अधिक माणसांच्या नशिबाला हात घातला, हें बहुधा कधींच कळलें नसावें.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीचा शौक संपविला. वाघ-बिबट्याला मारण्याची परवानगी आतां राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाच्याच लेखी आदेशानें मिळते. जनावर माणसाच्या जिवाला धोकादायक झालेलें असावें किंवा बरें न होण्याइतकें जायबंदी असावें, आणि त्याला पकडणें वा गुंगी देणें शक्य नसावें, अशा त्याच्या अटी आहेत. औट्रमच्या यादींतील बावीस वाघांचा विचार कायद्यानें दीडशें वर्षांनंतर केला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

नाशिक जिल्ह्यांत आतां प्रश्न बिबट्याचा आहे. निफाड, सिन्नर, दिंडोरी या भागांत ऊस दाट आहे. तोडणीच्या वेळीं सरींत पिल्लें सांपडतात आणि माय जवळपासच असते. तेथें गोळीच्या जागीं पिंजरा व गुंगीच्या औषधाचा बाण आला आहे. परंतु गोळीचें गणित येथेंही सुटत नाहीं, फक्त उलटें होतें. बाण मांडीच्या किंवा खांद्याच्या स्नायूंत रुतून तेथेंच थांबला पाहिजे. हवेचा दाब अधिक झाला तर तोच बाण छातींत शिरून गोळीचें काम करतो, कमी झाला तर गळून पडतो. औषधाचें प्रमाण वजनावर अवलंबून, आणि वजन अंदाजानेंच ठरवावयाचें. शिवाय गुंगी चढावयास कित्येक मिनिटें लागतात. त्या मिनिटांत बिबट्या पुन्हां उसांत शिरतो, कोठें पडला हें दिसत नाहीं, आणि बांधावर जमलेला सारा गांव तो पाहण्यासाठीं आंत घुसूं पाहतो. त्याला थोपवून धरणें हें वनखात्याच्या पथकाला बहुतेक वेळां बाण मारण्यापेक्षां अवघड जातें.