दिग्गीची बाय इंग्रजी शिकवायला परदेशी निघाली
(गावात झालेल्या निरोप समारंभात मंडळाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपण एका लेकीला निरोप द्यायला जमलो आहोत. सासरी जाणाऱ्या लेकींना निरोप देण्याची आपल्याला सवय आहे. नोकरीसाठी गोव्याला, बेळगावला, पुण्याला जाणाऱ्या मुलांनाही आपण गाडीपर्यंत पोहोचवून येतो. पण दिग्गीची मुलगी थायलंडमधल्या शाळेत इंग्रजी शिकवायला निघाली आहे, असे आपल्या माहितीत पहिल्यांदाच घडते आहे. आनंद सर्वांनाच आहे. त्याबरोबर गेले महिनाभर गावात तीन प्रश्नही ऐकू येत आहेत. नुसते हारतुरे देऊन आपण घरी गेलो तर ते प्रश्न तसेच राहतील. म्हणून आज त्यांच्याविषयीच बोलावे असे आम्ही ठरवले.

पहिला प्रश्न असा, की आपल्याकडची मुलगी परक्यांना इंग्रजी काय शिकवणार? इंग्रजी तिच्या बापाने ऐकली नाही, आजीने तर नाहीच. हा प्रश्न गावातच विचारला गेला असे नाही. एका संस्थेने तिला हेच कारण देऊन परत पाठवले. मुलाखत चांगली झाली होती, पण आम्हाला इंग्रजी मातृभाषा असलेलाच शिक्षक हवा, असे उत्तर आले. त्या रात्री ही पोर जेवली नाही, हे तिच्या आईने आम्हाला सांगितले.

यावर आम्हाला पंडिता रमाबाईंची आठवण होते. रमाबाईंना आपण पुण्या-मुंबईच्या समजतो. पण त्यांचा जन्म झाला 1858 साली गंगामूळच्या रानात, आजच्या कर्नाटकातल्या सह्याद्रीत. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कर्नाटकात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घराण्यातले, आपल्यासारखेच. गंगामूळ हे नद्यांच्या उगमाचे रान, आणि आपलाही मुलूख काळी नदीच्या उगमाकडचा. रमाबाई तान्ह्या असतानाच घर तीर्थयात्रेला बाहेर पडले. त्या कुठल्याही शाळेत गेल्या नाहीत. आईने तोंडी संस्कृत शिकवले आणि वाटेवर भेटलेल्या माणसांकडून इतर भाषा आल्या. 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले.

1883 साली दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. तेव्हा त्यांना इंग्रजी जेमतेम येत होते. वाँटेज गावच्या जोगिणींकडून त्या इंग्रजी शिकल्या आणि हिंदुस्थानात येऊ घातलेल्या जोगिणींना त्यांनी मराठी शिकवले. पुढे 1884 पासून चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या एकीकडे शिकत होत्या आणि दुसरीकडे संस्कृत शिकवत होत्या. तिथे पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली तेव्हा हिंदुस्थानातल्या इंग्रज बिशपांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवले हे कळले तर स्वदेशात तिची पत राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे. रमाबाईंनी त्याला सडेतोड उत्तर दिले. त्यांनी धर्म बदलला म्हणून आपल्या समाजाने त्यांना फार बोल लावले, आणि त्यावर मतभेद आजही असतील. पण कर्नाटकच्या रानात जन्मलेली मराठी मुलगी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी परमुलखात शिक्षिका म्हणून उभी राहिली, याबद्दल मतभेद होऊ शकत नाही.

तेव्हा बाई असणे आड आले, आज पासपोर्ट आड येतो. दक्षिण कोरियाने इंग्रजी शिक्षकांच्या व्हिसासाठी सात देश ठरवले होते : अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. त्यात भारत नव्हता. भारत आणि कोरिया यांच्यातला आर्थिक करार 1 जानेवारी 2010 पासून लागू झाला, तेव्हा पदवी आणि अध्यापनाचे प्रमाणपत्र असलेल्या भारतीयांना साहाय्यक शिक्षक म्हणून वाट मिळाली. म्हणजे दार उघडते, पण ते कोणीतरी ठोठवावे लागते.

आता आमचे स्पष्ट मत सांगतो. जन्मतः इंग्रजी बोलणाऱ्याला आपली भाषा कशी चालते हे सांगता येईलच असे नाही. श्वास कसा घेतो हे आपण तरी कुठे सांगू शकतो? आपली ही बाय घरात कोकणी-मराठी बोलली, शाळेत कन्नड शिकली, जोयडा, दांडेली आणि मग धारवाड असे करत इंग्रजीपर्यंत पोहोचली. 'ही गोज' म्हणताना शेवटचा 'ज' का येतो, हे तिने चुका करून आणि मार खाऊन शिकले आहे. थाई भाषेत क्रियापद काळाप्रमाणे किंवा कर्त्याप्रमाणे बदलत नाही, नामाचे अनेकवचनही वेगळे होत नाही. त्यामुळे तिथली मुले नेमका तोच 'ज' विसरणार. ती का विसरतात हे आपल्या मुलीला लगेच कळेल. एका बाबतीत मात्र तिला स्वतःवर मेहनत घ्यावी लागेल. इंग्रजीतले 'व्ही' आणि 'डब्ल्यू' आपण एकाच 'व'ने भागवतो. थाई मुलांनाही 'व्ही' अवघड जातो. तेव्हा गुरू आणि शिष्य दोघांनी मिळून सराव करावा, त्यात कमीपणा नाही.

आणि बाय, तिकडे तुला अगदीच परके वाटणार नाही. थाईत शिक्षकाला 'ख्रू' म्हणतात, तो आपला गुरू. भाषेला 'फासा' म्हणतात. महाविद्यालयाला 'वित्थयालय' म्हणतात. संस्कृत आपल्याआधीच तिकडे जाऊन पोहोचले आहे.

दुसरा प्रश्न पैशांचा आणि सुरक्षिततेचा. तो वडीलधाऱ्यांनी विचारला, आणि बरे केले. बँकेच्या खिडकीत बसणाऱ्या आम्हा लोकांना हा प्रश्न फार जवळून दिसतो. या मुलीचे वडील सोनेतारण कर्जाची चौकशी करायला आले होते. कशासाठी म्हणून विचारले, तर एका एजंटाने दीड लाख मागितले होते. वर सांगितले होते की आत्ता पर्यटक व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर बदलून देऊ. आम्ही त्यांना तिथेच थांबवले. सोने घरात राहिले आणि मुलीने थेट शाळेशी पत्रव्यवहार करून नोकरी मिळवली. तिला वेळ लागला, पण फसवणूक टळली.

ज्यांच्या घरी अशी मुले आहेत त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते, आणि त्याला 30,000 रुपये व त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त शुल्क घेता येत नाही. घेतलेल्या पैशांची पावती मागावी. थायलंडला नोकरीसाठी 'नॉन-इमिग्रंट बी' व्हिसा आणि कामाचा परवाना लागतो, पर्यटक व्हिसावर नोकरी करणे हा गुन्हा आहे. 2022 साली आपल्या सरकारला जाहीर इशारा द्यावा लागला होता, कारण थायलंडमधल्या नोकरीचे आमिष दाखवून शिकलेल्या मुलांना म्यानमारच्या हद्दीत नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपले जात होते. तेव्हा शाळेचे नाव, पत्ता आणि करारपत्र हातात आल्याशिवाय तिकीट काढू नये. आणखी एक गोष्ट, जी बहुतेक जण विसरतात. नोकरीसाठी परदेशी गेल्यावर इथले साधे बचत खाते 'एनआरओ' करून घ्यावे लागते, आणि तिकडची कमाई पाठवण्यासाठी 'एनआरई' खाते उघडता येते. बायचे कागद आम्ही भरून घेतले आहेत.

तिसरा प्रश्न सर्वांत कठीण आहे, आणि तो या मंडळाच्या कामाचा आहे. लोक म्हणतात, इंग्रजीवर एवढे मिळते, तर सगळी पोरे पहिलीपासून इंग्रजी माध्यमातच घालू या. मराठी घेऊन काय करायचे?

ज्यांना हे वाटते त्यांना आम्ही दोष देत नाही. 6 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की प्राथमिक शाळेत मातृभाषेचे माध्यम सरकार सक्तीने लादू शकत नाही. म्हणजे निवड पालकांची आहे. दुसरीकडे राज्यघटनेच्या 350 अ या कलमाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे राज्यांना सांगितले आहे. हे कलम 1956 साली, भाषावार राज्यरचनेच्या वेळीच घातले गेले. सीमाप्रश्नाचा दावा 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. पण पहिलीत बसलेले पोर निकालासाठी थांबत नाही, ते दर वर्षी एका इयत्तेने मोठे होते.

म्हणून आमचे म्हणणे असे. घरची भाषा पक्की असेल तर वरची भाषा टिकते. ही मुलगी गोष्टी ऐकून, ओव्या ऐकून वाढली. शब्द कशाला म्हणतात हे तिला कन्नडच्या आधी, इंग्रजीच्या आधी माहीत होते. म्हणून कन्नड तिने मन लावून शिकली, आणि त्याने तिचे काही नुकसान झाले नाही. ज्या मुलाला घरची भाषा धड नाही, शाळेची समजत नाही आणि इंग्रजी नुसती पाठ आहे, त्याचे मात्र तिन्हीकडून नुकसान होते. कर्नाटकात सरकारी शाळांतून 2007 पासून पहिलीपासून इंग्रजी विषय आहे. आपल्याला हवे आहे ते तो विषय खरोखर शिकवणारे माणूस. पावसात ओढे भरले तरी शाळेत पोहोचणारे आणि बदली मागून न जाणारे.

त्यासाठी मंडळाने तीन गोष्टी ठरवल्या आहेत. एक, शाळेच्या एसडीएमसीच्या प्रत्येक बैठकीला आपल्यापैकी दोघे तरी हजर राहतील, आणि रिकाम्या जागांचा अर्ज शाळा सुरू होण्याआधी देतील, पाऊस सुरू झाल्यावर नाही. दोन, मे महिन्यात सुट्टीवर येणाऱ्या शिकलेल्या मुलांनी रोज एक तास गावातल्या मुलांना इंग्रजी वाचून दाखवावे. तीन, प्रत्येक घराने मराठीचे एक पुस्तक द्यावे, त्यांचे कपाट देवळाच्या ओसरीवर ठेवू. कपाटाचा खर्च आम्ही उचलतो.

बाय, तुझ्याकडून आम्ही एकच मागतो. दोन वर्षांनी परत येशील तेव्हा त्या मे महिन्यातला पहिला तास तुझा. तिकडच्या मुलांना जे शिकवशील ते आपल्या मुलांनाही शिकव. आणि आईला दर रविवारी फोन कर. इथे रेंज मिळत नाही हे खरे, पण ती टेकडीवर जाऊन उभी राहील, हे तुलाही माहीत आहे.

प्रवास सुखाचा होवो. जय हिंद, जय महाराष्ट्र.