नुसतें 'टक्' करणारी मोटार



कचेरीची वेळ झाली आहे, मुलेंमाणसें गाडींत बसलीं आहेत, आणि किल्ली फिरवतांच इंजिनाच्या घरघरीऐवजीं बॉनेटखालून नुसता 'टक्' असा आवाज येतो. मोटार बाळगणाऱ्या बहुतेक घरांवर हा प्रसंग केव्हांना केव्हां येतो, आणि त्याचा पुढचा भागहि आपल्या परिचयाचा असतो. कोणी म्हणतो, बॅटरी गेली; शेजारचे गृहस्थ म्हणतात, सेल्फ जळला; आणि दुपारपर्यंत कांहीं हजार रुपयांची नवी वस्तु गाडींत बसते. पुष्कळदां दोष मात्र होता तेथेंच राहतो. म्हणून आज या 'टक्' चाच अर्थ आपणांस सांगण्याचें मी योजिलें आहे.

पूर्वीं मोटार सुरू करावयाची म्हणजे पुढें लोखंडी हॅण्डल घालून इंजिन हातानें फिरवावें लागे. तें उलटें फिरून मनगट मोडण्याचें भय असे. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन यंत्रज्ञानें सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींना बसविण्यांत आला, तेव्हांपासून हा जाच संपूं लागला. आपले मिस्त्री ज्याला 'सेल्फ' म्हणतात तो याचाच वंशज. आजच्या सेल्फवर सॉलेनॉइड नांवाचें तारेचें वेटोळें असतें. किल्लीच्या वाटेनें येणारी थोडी वीज त्यांत शिरली कीं तें चुंबक बनतें आणि आंतील लोखंडी दांडा ओढून घेतें. त्या ओढीनें एकीकडे सेल्फचें दंतचक्र इंजिनाच्या दात्यांत सरकतें, आणि दुसरीकडे तांब्याची चकती दोन जाड टोंकें जोडते. मग बॅटरींतून शंभर-दोनशें अँपियरांचा लोंढा सेल्फमध्यें जातो. आपण ऐकतों तो 'टक्' या दांड्याचा. म्हणजे हुकूम पोंचला आहे, फौज मात्र निघालेली नाहीं. (नव्या गाड्यांत फ्यूजच्या पेटींतून रिलेची बारीक टिकटिकहि ऐकूं येते, ती निराळी.)

आतां आवाज नीट ऐकावा. टक्-टक्-टक् अशी झपाट्याची माळ लागली, तर वीज अपुरी पडते आहे असें समजावें. दांडा आंत जातो, सेल्फ प्रवाह ओढूं लागतो, त्याबरोबर बॅटरीचा दाब कोसळतो आणि चुंबकाची पकड सुटते. दांडा मागें येतांच भार हटतो, दाब पुन्हां चढतो, आणि तोच खेळ पुन्हां सुरू होतो. एकच ठसठशीत 'टक्' झाला, तर पुढचे दिवे लावून दुसऱ्या कोणास किल्ली फिरवावयास सांगावें. दिवे जवळजवळ मालवले, तर बॅटरी दुर्बळ आहे, अथवा इंजिन वा सेल्फ अडकलेला आहे. दिवे तसेच तेजस्वी राहिले, तर प्रवाह ओढलाच जात नाहीं. दोष सॉलेनॉइडच्या जळक्या चकतींत, सेल्फच्या झिजलेल्या कार्बनांत, किंवा इंजिनाला बॉडीशीं जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टींत शोधावा.

पण माळ लागली म्हणजे बॅटरीच मेली, असें मानण्याची घाई करूं नये. विश्रांति घेतलेली भरलेली बॅटरी मीटरवर सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते; १२ च्या खालीं ती बहुतेक रिकामी असते. मीटर १२.६ दाखवीत असूनहि माळ लागत असेल, तर टर्मिनलांकडे पाहावें. दोनशें अँपियरांच्या वाटेवर एका ओहमाच्या शंभराव्या भागाइतका अडथळा आला, तरी दोन व्होल्ट वाटेंतच खर्ची पडतात! टर्मिनलावर सांचलेली पांढरी-हिरवी भुकटी एवढा अडथळा सहज करते. मीटरची एक सळई बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर आणि दुसरी तिच्यावरील पकडीवर टेंकवून किल्ली फिरवावी. कांटा अर्ध्या व्होल्टापलीकडे गेला, तर चोर सांपडला. उपाय स्वयंपाकघरांतलाच आहे. ऋण टर्मिनल आधीं सोडवावें, म्हणजे पाना बॉडीला लागून ठिणगी उडत नाहीं. कोमट पाण्यांत खाण्याचा सोडा कालवून भुकटी धुवावी, धातु घासून लख्ख करावा, कोरडा करून घट्ट आवळावा, आणि वर व्हॅसलीनचा हात फिरवावा.

बॅटरी खरोखरच उतरली असेल, तर दुसऱ्या गाडीची वीज घेतां येते. धन खुंटी धन खुंटीला जोडावी. शेवटचें ऋण टोंक मात्र उतरलेल्या बॅटरीला न लावतां तिच्यापासून दूर, इंजिनाच्या उघड्या धातूला लावावें, कारण बॅटरींतून निघणारा हायड्रोजन वायु ठिणगीनें पेट घेतो. गाडी सुरू झाल्यावर बॅटरीवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसले पाहिजेत. तेवढे दिसत नसतील, तर अल्टरनेटर बॅटरी भरीत नाहीं, आणि नवी बॅटरीहि लवकरच उतरेल.

एका बाबतींत मात्र हे प्रयोग करूं नयेत. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तशा पाण्यांतून चालविलेली गाडी बंद पडून नुसतें 'टक्' करूं लागली, तर इंजिनाच्या सिलिंडरांत पाणी शिरलेलें असण्याचा संभव असतो. पाणी दाबलें जात नाहीं. पुन्हां पुन्हां सेल्फ मारल्यास आंतला कनेक्टिंग रॉड वांकूं शकतो, आणि मग शेंकड्यांतलें काम लाखाच्या घरांत जातें. किल्ली काढून घ्यावी आणि गाडी ओढून न्यावी.

राहतां राहिला सेल्फ. तो बदलावाच लागेल असें मिस्त्री म्हणाला, तर किल्ली फिरवून धरली असतां सॉलेनॉइडच्या दोन्ही जाड टोंकांवर किती व्होल्ट येतात, तें मीटरवर दाखवावयास सांगावें. बॅटरीकडच्या टोंकावर बारा आणि मोटरीकडच्या टोंकावर शून्य असेल, तर चकती जळली आहे. दोहोंकडे दहाबारा असून मोटर हलत नसेल, तर बहुधा कार्बन झिजले आहेत. पुष्कळ सेल्फांमध्यें हे दोन्ही भाग सुटे बदलतां येतात.