खाली उडणाऱ्या विमानांची गोष्ट

आज विमानांविषयी बोलायचंय, पण राफेलसारख्या झोकदार विमानांविषयी नाही. जी विमानं खालून उडतात, हळू उडतात आणि दिसायला ओबडधोबड असतात, त्यांच्याविषयी. त्यांचं काम एकच. जमिनीवर आपलं पायदळ लढतंय, शत्रू काही शे मीटरवर आहे, अशा वेळी वरून नेमका मारा करायचा आणि आपल्या माणसांना धक्का लागू द्यायचा नाही. सैन्यात याला क्लोज एअर सपोर्ट म्हणतात. आपण निकट हवाई मदत म्हणू.

हा विषय सातारा-सांगलीकरांनी का ऐकावा? तर साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावातच ‘मिलिटरी’ आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. सांगली जिल्ह्यातल्या मणेराजुरीचे शिपाई पांडुरंग साळुंखे १५ मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. डिसेंबर १९७१ मध्ये पंजाबातल्या बुर्जच्या लढाईत ते शहीद झाले, त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. साताऱ्याची सैनिक स्कूल १९६१ ची, देशातली पहिली. तिथून वैमानिकही घडले. तरी आपल्याकडे पोरगा ‘भरती झाला’ म्हणजे तो पायदळात गेला असंच आधी मनात येतं. म्हणजे डोक्यावरचं विमान कसं असावं, हा आपल्या घरातलाच प्रश्न झाला की नाही?

आता एक जुनं उदाहरण बघू. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. जर्मन सैन्य नदीच्या उंच बांधांत खणून बसलेलं. समोर आपली मराठा पलटण. दुपारपासून बॉम्बफेक, तोफा, विमानांचा मारा असं सगळं चालू होतं. संध्याकाळी शेवटी विमानं पुन्हा खाली झेपावली, पण या वेळी त्यांनी गोळी झाडली नाही. नुसतीच हूल! जर्मन सैनिक सवयीनं माना खाली घालून बसले आणि तेवढ्या वेळात पायदळ नदीकडे सुटलं. त्याच लढाईत आपल्या नगर जिल्ह्यातल्या निमजच्या नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना पाठीवर घेऊन नदी पार केली, मशीनगनच्या चौक्या मोडून काढल्या आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. यातून एक गोष्ट दिसते. विमान नुसतं डोक्यावर असलं, तरी खालच्या माणसाला चार पावलं टाकायला वेळ मिळतो. पण त्यासाठी ते तिथं थांबायला हवं. आलं आणि भुर्रकन गेलं, तर काय उपयोग?

दुसरं उदाहरण १९७१ चं. पूर्व पाकिस्तानातलं जमालपूर. शहराच्या दक्षिणेला रस्ता अडवून आपली जंगी पलटण, म्हणजे १ मराठा लाइट इन्फन्ट्री बसली होती. कमांडर होते लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार. आत पाकिस्तानची ३१ बलुच. ९ डिसेंबरला ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण येण्याचं पत्र पाठवलं. आमच्या विमानांची चुणूक तुम्ही पाहिलीच आहे, अजून पुष्कळ बाकी आहे, असा त्याचा सूर. पाकिस्तानी कर्नल सुलतान महमूद यांनी उलट कळवलं, तुमची ४० उड्डाणं कमी पडतील, आणखी मागवा. सोबत एक गोळीही गुंडाळून पाठवली! पुढच्या रात्री, १० डिसेंबरला, ते वेढा फोडायला बाहेर पडले ते थेट मराठ्यांच्या अंगावर. अंधारात विमानाची मदत नाही. जंगी पलटणीनं रस्ता सोडला नाही, आणि ११ ला जमालपूर पडलं.

म्हणजे विमानानं वेढा आवळायला मदत केली, पण शेवटची रात्र पायदळानं एकट्यानं काढली. म्हणून मी म्हणतो, अशा विमानाची किंमत वेगावर करू नका. ते किती वेळ थांबतं, मार खाऊन परत येतं का आणि उद्या सकाळी पुन्हा उडतं का, हे बघा.

या तीन कसोट्यांवर जगात दोन विमानं गाजली. एक अमेरिकेचं ए-१०, पहिलं उड्डाण १९७२ चं. दुसरं रशियाचं सुखोई-२५, पहिलं उड्डाण १९७५ चं. ए-१० ची बांधणी ऐकण्यासारखी आहे. वैमानिकाभोवती टायटॅनियमचं टब, सुमारे ५४० किलोचं. दोन इंजिनं मागे, उंचावर, एकमेकांपासून लांब, म्हणजे एक गेलं तरी दुसरं घरी आणतं. चाकं मिटल्यावरही थोडी बाहेर राहतात, म्हणजे पोटावर उतरावं लागलं तरी विमानाची फार मोडतोड होत नाही. बरेच भाग डावे-उजवे सारखेच, एकाचा दुसऱ्याला लावता येतो. आणि हायड्रॉलिक बंद पडलं, तर तारांच्या आधारानं, हातानं जोर लावून उडवायची सोय. एप्रिल २००३ मध्ये बगदादवर मार खाल्लेलं असं एक विमान किम कॅम्पबेल नावाच्या वैमानिक बाईंनी याच पद्धतीनं तळावर परत आणलं.

आपल्या किर्लोस्करवाडीच्या भागात हे वेगळं समजवायला नको. विहिरीवरची मोटर अशी हवी, की बिघडली तर बांधावरच पाना लावून चालू करता आली पाहिजे. ऐन उन्हाळ्यात आठ दिवस दुकानात पडून राहणारी, कितीही भारी असली, तरी ऊस वाळवणारच.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं जुनं झालं. खांद्यावरून सुटणारी क्षेपणास्त्रं आहेत, ड्रोन आहेत. बरोबर आहे, आणि हा धडा आपण स्वतः शिकलोय. मे १९९९, कारगिल. २७ मे रोजी आपलं मिग-२७, जे आपल्याच नाशिकजवळच्या ओझरला बनायचं, ते इंजिन बंद पडून गेलं. एकच इंजिन, दुसरं नाहीच. त्याच दिवशी मिग-२१ क्षेपणास्त्रानं पाडलं गेलं. दुसऱ्या दिवशी एमआय-१७ हेलिकॉप्टर पडलं, आतले चौघेही गेले. त्यानंतर हवाई दलानं उंचावरून मारा करायचं ठरवलं, आणि २४ जूनला मिराजनं टायगर हिलवर लेझरचे बॉम्ब टाकले. युक्रेनमध्ये दोन्ही बाजूंची सुखोई-२५ पडलेली आपण पाहतोच आहोत. चिलखत घातलं म्हणजे अमरपट्टा मिळाला, असं नसतं.

मग टिकाऊपणा निकामी झाला का? मला तसं वाटत नाही. ए-१० विकत आणा, असंही मी म्हणत नाही. आपली सीमा डोंगरांची आहे. तिथं आज हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं ‘प्रचंड’ हेलिकॉप्टर आहे. दोन इंजिनं, नाकाखाली २० मिलिमीटरची तोफ, सियाचीनच्या उंचीवर उतरण्याची ताकद. ३ ऑक्टोबर २०२२ ला ते हवाई दलात दाखल झालं. यंत्र बदललं, तरी कसोटी तीच ठेवायला हवी. ड्रोनलाही तीच लावा. किती वेळ थांबतो, फटका बसल्यावर काय होतं, आणि पुढच्या चौकीतल्या चार माणसांना तो रात्रीतून दुरुस्त करता येतो का?

आणि एक गोष्ट विसरू नका. खाली पलटणीबरोबर रेडिओ घेऊन बसलेला, आपली माणसं कुठं आणि शत्रू कुठं हे वरच्याला अचूक सांगणारा माणूस. तो तयार नसेल, तर उत्तमातलं विमानही आपल्याच खंदकावर बॉम्ब टाकेल. त्याच्या प्रशिक्षणाची बातमी कधी पहिल्या पानावर येत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी नव्या विमानाच्या खरेदीची चर्चा चालू असेल, तेव्हा वेगाचे आकडे ऐकून झाल्यावर एवढं विचारा, की खंदकातल्या पोराला यातून नेमकं काय मिळणार? ज्यांच्या घरातलं कुणी आज सीमेवर आहे, त्यांचा हा विचारायचा हक्कच आहे.

आज एवढंच. काळजी घ्या, भेटू पुढच्या भागात.