दासोपंतांची पासोडी
(जीर्णोद्धार सोहळ्यातील भाषण)



मी कीर्तनकार नव्हे की प्राध्यापक नव्हे. तहसील कचेरीतला कारकून, शिक्षण एस.एस.सी. जीर्णोद्धार कमिटीने चार शब्द बोलायला सांगितले, म्हणून आपल्याच जिल्ह्यातल्या अंबाजोगाईच्या दासोपंतांविषयी बोलतो.

दासोपंतांचा जन्म शके १४७३, म्हणजे इ.स. १५५१ चा. वडील दिगंबरपंत नारायणपेठेचे देशपांडे, वसुलीच्या कामातलेच. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारातले धान्य रयतेला वाटले. वसूल भरता येईना, तेव्हा बेदरच्या बादशहाने लहानग्या दासोपंतास ओलीस ठेवले, अशी कथा सांगतात. वसुलीचे कागद लिहिणाऱ्या मला ती फार लागते.

पुढे ते दत्तभक्तीत रमले, अंबाजोगाईस राहिले आणि जन्मभर लिहीत गेले. गीतेवरचा 'गीतार्णव' सव्वा लाख ओव्यांचा मानतात. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या घरात, यावरून अंदाज यावा. कागदावर भागले नाही म्हणा, त्यांनी पासोडीवरही लिहिले. सुमारे ४० फूट लांब, ४ फूट रुंद कापड. पंचमहाभूतांपासून देह व सृष्टी कशी घडली, तो 'पंचीकरणा'चा विषय त्यावर ओव्यांत मांडला. इ.स. १६१५ साली त्यांनी देह ठेवला. समाधी अंबाजोगाईतच आहे.

मंडळी, कापड चारशे वर्षे आपोआप टिकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी ते उंदीर-कसरीपासून जपले असणार.

आमच्या घरी तसे झाले नाही. आजोबा वारले, तेव्हा त्यांच्या हातचे बाड आम्ही न उघडताच गोदावरीत सोडले. कचेरीतल्या बस्त्याला वाळवी लागली की मी धावपळ करतो, कारण तिथे जाब विचारणारे आहेत. घरच्या बाडाचा जाब कोणी विचारला नाही. त्यात काय होते, ते आता कधीच कळणार नाही.

आपल्या देवळाच्या कोनाड्यातून पोथ्यांचे गाठोडे निघाले आहे. ते विसर्जन करावे असे काहींचे म्हणणे. त्यांचा भाव चांगला आहे. पण हात जोडून विनंती, आधी जाणकाराला दाखवा, पाने मोजून यादी करा, मग ठरवा. कळसासाठी वर्गणी भरपूर जमली, त्यातून एक लोखंडी पेटी घ्यावी. पैसे न उरल्यास पेटी मी देतो. यादीही मीच लिहीन, अक्षर बरे आहे.